गोमीची जात ओळखायची तर भिंग हाती घे

जात ओळखण्यासाठी तू पाठवलेले गोमीचे फोटो पाहिले. रंगावरून जात ठरवायची घाई करू नकोस. 'स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स' या एकाच जातीत रंगाचे कितीतरी प्रकार सापडतात, आणि पिल्लाचा रंग मोठ्या गोमीसारखा असेलच असंही नाही.

आधी डोक्याच्या कडेला बघ. दोन्ही बाजूंना चार-चार काळे ठिपके दिसले, तर ते साधे डोळे. 'क्रिप्टॉप्स' गटातल्या गोमींना डोळे नसतातच. मग पाय मोज. स्कोलोपेंड्रा गटातल्या गोमींना सहसा 21 जोड्या. शंभर पाय, म्हणजे 50 जोड्या, कुठल्याच गोमीला नसतात, कारण पूर्ण वाढलेल्या गोमीत जोड्यांची संख्या नेहमी विषम येते!

खरी मेख शेवटच्या जोडीत आहे. ती चालण्यासाठी नसते. तिच्या जाड पेऱ्यावर आतून आणि खालून बारीक काटे असतात. ते किती आणि कोणत्या रांगेत, यावर जातींचा निवाडा होतो. त्यामुळे पुढच्या वेळी मागच्या टोकाचा फोटो खालूनही काढ, पारदर्शक डबीतून. हाताने मुळीच धरू नकोस. विषाच्या नख्या म्हणजे धडाच्या पहिल्या खंडाचे रूपांतरित पाय, आणि दंश फार ठणकतो.

दक्षिण अमेरिकेतली 'स्कोलोपेंड्रा जायगँटिया' 30 सेंटिमीटरच्या आसपास वाढते. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत ती छताला लटकून वटवाघळं धरताना दिसली आहे.

दगडाखाली अंड्यांभोवती वेटोळं घातलेली मादी दिसली, तर दगड हळूच परत ठेव. त्रास झाला तर ती अंडी सोडून जाते, कधी खाऊनही टाकते.