मागे माणसे बसली की सायलेन्सर ॲक्सलला का लागतो

आपण लिहिले आहे की सांगलीत नवा स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट बसवल्यापासून मागे तिघे बसले आणि गतिरोधक आला की खालून ठोका ऐकू येतो, रिकाम्या गाडीत काहीच होत नाही, आणि गॅरेजवाले आता एक लोखंडी पट्टी वेल्ड करून पाइप घट्ट बांधायला निघाले आहेत. ती पट्टी कृपया लावू देऊ नका. माझ्या पेट्रोल हॅचबॅकचे दुखणे हेच होते आणि साताऱ्यातील एका गॅरेजने त्यावर हाच उपाय केला होता.

त्या गॅरेजने गाडी लिफ्टवर चढवून मला पाइप आणि मागचा ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा आडवा भाग) यांच्यामधली दोन बोटे जागा दाखवली व काम झाले म्हणून सांगितले. अशा गाड्यांत पाइप ॲक्सलच्या वरून जातो. लिफ्टवर चाके लोंबत असल्याने ॲक्सल खाली उतरलेला असतो, त्यामुळे तिथे दिसणारी जागा फसवी असते; गाडी चाकांवर उभी राहिली, मागची सीट भरली आणि खड्डा लागला की तोच ॲक्सल वर येऊन पाइपाला भिडतो. यवतेश्वरच्या घाटात चार माणसांसह जाताना हे कळले. तक्रार केल्यावर त्यांनी हँगरचे, म्हणजे पाइप टांगणाऱ्या आधाराचे, रबर काढून त्या जागी पट्टी वेल्ड केली. ठोका थांबला, पण गाडीभर घुमणारा आवाज सुरू झाला, आणि पुढे फ्लेक्स पाइपची, म्हणजे इंजिनाकडच्या लवचीक तुकड्याची, जाळी फाटली. इंजिन गती घेताना रबरी माउंटवर हलते आणि पाइपाने त्याच्याबरोबर थोडे हलणे अपेक्षित असते. मागून जखडल्यावर सगळा ताण पुढच्या जोडांवर येतो. नंतर विक्रेता फिटिंगला दोष देत राहिला, गॅरेज पाइपाला, आणि नव्या फ्लेक्सचे पैसे मी भरले. ‘सर्व मॉडेलना बसतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या पाइपांबद्दल माझे मत तेव्हापासून फारसे चांगले नाही.

उष्णतेचाही हिशेब करावा लागतो. 304 प्रतीच्या स्टेनलेसचा 2 मीटर लांबीचा पाइप सरासरी 300 अंशांनी तापला, तर साधारण 10 मिलिमीटरने लांबतो. पुढचे टोक इंजिनला बांधलेले असल्याने ही वाढ मुख्यतः मागे सरकते, म्हणून थंड असताना बंपरला जेमतेम न लागणारे टोक घाटातून आल्यावर बंपर वितळवू शकते.

माझ्या मते फ्लेक्सच्या मागचे सर्व फ्लेंज (पाइपाचे तुकडे बोल्टने जोडणाऱ्या चकत्या) आणि क्लॅम्प सैल करून पाइप केवळ रबरांवर टांगावा, रबरे ओढली न जाता सरळ लोंबतील असा तो फिरवावा आणि मग पुढून मागे येत बोल्ट आवळावेत. जागेची तपासणी मात्र गाडी पिटवर चाकांवर उभी करून, मागे माणसे बसवूनच करावी. त्याहून खात्रीचे म्हणजे पाइप थंड असताना ॲक्सलवर, पाइपाच्या बरोबर खाली, शाडूच्या मातीचा ओला गोळा चिकटवावा, भरलेली गाडी सावकाश गतिरोधकावरून न्यावी आणि गोळा किती चेपला ते पाहावे. तो पार चपटा झाला असेल तर रबरे बदलून भागणार नाही. पाइपाचा बाकच चुकलेला आहे. तेवढा तुकडा कापून योग्य बाकाचा तुकडा आर्गॉन वेल्डिंगने जोडून घ्यावा लागेल, किंवा विक्रेत्याकडून पाइप बदलून मिळवावा लागेल. चेपलेल्या मातीचा फोटो त्या भांडणात उपयोगी पडेल.

रबरे चढत नसतील तर साबणाचे पाणी लावा, ग्रीस नको; त्याने रबर फुगते. मी मेकॅनिक नाही आणि आपल्या गाडीची रचना वेगळी असू शकते, तेव्हा हे ताडून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणत्याही कारणाने शिरू नका. आवाज मर्यादेबाहेर असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून पाइप कापायचाच असेल तर मफलर (आवाज दाबणारा डबा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) यांना हात लावू देऊ नका.