बायकोच्या नावानं फंड जमवतोय, चुकतंय का माझं?

"मॅडम, ती गेली, आता तिच्यासाठी काहीतरी करायला नको का?" समुपदेशनाच्या कामात हे वाक्य वर्षातून कितीतरी वेळा ऐकते मी. कुणाला गावच्या शाळेत खोली बांधून द्यायची असते, कुणाला अन्नदान करायचं असतं आणि हल्ली ज्यांचा जोडीदार कॅन्सरनं गेलाय त्यातले बरेच जण म्हणतात की रिसर्चला पैसे द्यायचेत. मग पाठोपाठ मुलांचा फोन, "बाबा त्यातून बाहेरच येत नाहीयेत हो, तुम्ही सांगा ना त्यांना हे बंद करायला." म्हणून ही एक केस लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि काकांना आधी वाचून दाखवलंय.

काका बँकेतून रिटायर झालेले. काकूंना ग्लिओब्लास्टोमा होता, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरमधला मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार. ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या सगळं झालं, पण वर्षभरानं गेल्या. काकांनी वर्षश्राद्धाचं जेवण रद्द केलं आणि ते पैसे ब्रेन ट्युमरच्या संशोधनाला देऊन टाकले. इथपर्यंत सगळ्यांनी कौतुकच केलं. मग टार्गेट ठरलं पंचवीस लाखांचं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, रोज सकाळी काकूंचा फोटो आणि खाली "आजपर्यंत जमा" असा आकडा. मेव्हणा ग्रुपमधून बाहेर पडला. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये काका दिसले की जिन्यानं जायला लागले (हे काकांनीच सांगितलं, हसत हसत, पण डोळे हसत नव्हते).

मुलगी सोबत आली होती, ती एकच वाक्य बोलली. "बाबा, आईचा फोटो बघितला की मला आता पैसे आठवतात, आई नाही आठवत."

काका गप्प. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे सोडून देऊ? विसरू तिला?"

मी म्हणलं, असं कुणी म्हणलं नाहीये तुम्हाला. पूर्वी आमच्या क्षेत्रातही हाच समज होता की गेलेल्या माणसातून मन काढून घेतलं म्हणजे माणूस बरा झाला. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तीन अभ्यासकांनी त्याच्या बरोबर उलटं मांडलं, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं आणि तसं ते चालू ठेवणं हा आजार नाही. मला हे मनापासून पटतं. त्यामुळे "त्यातून बाहेर पडा" हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी एवढंच बघते की हे करताना माणसाला जरा बरं वाटतंय का तो स्वतःला फटके मारून घेतोय.

पुढच्या सेशनला काका वही घेऊन आले. लांब, कापडी पुठ्ठ्याची, बँकेतली असते तशी. नाव, रक्कम, पावती नंबर, सगळं सुबक अक्षरात, लाल शाईनं बेरजा. अभिमानानं दाखवत होते. मी पानं उलटत होते आणि मला एकदम जाणवलं की ही सगळी वही म्हणजे एकच बाजू आहे. म्हणलं, "काका, जमा दिसतंय. नावे काय आहे?"

नावे म्हणजे खात्याची दुसरी, देण्याची बाजू, बँकेतल्या माणसाला हा प्रश्न बरोबर लागला. बराच वेळ बोललेच नाहीत. मी पण बोलले नाही, अशा वेळी गप्प बसता येणं हे पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षं बसून येतं.

मग आलं ते. निदान व्हायच्या काही आठवडे आधी काकू गॅससमोर उभ्या होत्या, दूध उतू जात होतं, ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि त्या नुसत्या बघत उभ्या. काका ओरडले, "लक्ष कुठाय तुझं? आयतं बसून खायची सवय लागलीय." काकूंनी फडकं घेतलं आणि गॅस चालू असतानाच पुसायला लागल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर फिट आली, एमआरआय झाला, गाठ फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात. तिथल्या गाठीनं माणूस असा निरिच्छ, बधिर होऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काकांना ओटा आठवला, आणि तेव्हापासून तो ओटा डोळ्यासमोरून हललेलाच नाही.

"मला कळायलाच पाहिजे होतं, मॅडम."

"डॉक्टरांनासुद्धा एमआरआय केल्यावरच कळलं ना? तुम्हाला ओट्यावरून कळायला पाहिजे होतं?"

"पण मी ओरडलो."

"ओरडलात. ते चुकलं, वाईट वाटणारच. आता सांगा, पंचवीस लाख जमले की ते ओरडणं फिटेल?"

"...नाही."

"पन्नास?"

काका हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. म्हणाले, "मग हे खातं बंदच होणार नाही की."

माझ्या मते केस तिथेच वळली. दुःख होणं वेगळं आणि स्वतःला शिक्षा देत बसणं वेगळं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारपद्धतीवर मी वाढलेय त्यामुळे "व्हायलाच पाहिजे होतं" असलं काही ऐकलं की माझे कान टवकारतात. त्या सक्तीला माहितीचा आधार आहे का हे तपासायचं. इथे नव्हता. या गाठीच्या पेशी स्कॅनवर दिसतात त्याच्या पलीकडे पसरलेल्या असतात. वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जननं 1920 च्या दशकात काही पेशंटांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढून बघितला तरी गाठी परत आल्या. काही आठवडे आधी कळून काकूंचं फार काही बदललं असतं असं त्यांच्या डॉक्टरांनाही वाटत नव्हतं, आणि हे काकांनी स्वतः जाऊन त्यांना विचारलं, मी मुद्दाम पाठवलं होतं.

गंमत म्हणजे यानंतर काकांना रिसर्चमध्ये खरा रस वाटायला लागला. 2005 च्या ज्या ट्रायलमुळे टेमोझोलोमाइडच्या गोळ्या सगळीकडे सुरू झाल्या तिच्यात नुसत्या रेडिएशननं मधलं आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट निदान जेवढं जगले तो काळ) 12.1 महिने होतं, गोळ्यांसकट 14.6. म्हणजे फायदा अडीच महिन्यांचा, आणि आजही बहुतेकांची सुरुवातीची ट्रीटमेंट जवळपास तीच आहे. तेव्हा पैसे द्यायला कारण भक्कम आहे, त्यासाठी अपराधी वाटायची गरज नाही.

असं काही करायचं मनात असेल तर माझं सांगणं थोडक्यात. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, लोकांना थेट संस्थेकडे पाठवा, हिशोब द्यायचं ओझंच राहत नाही. रक्कम संशोधनालाच जाणार की पेशंटच्या मदतीला हे संस्थेकडून लेखी घ्या. पेशंटची मदतही कमी नाही, परळला टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावाहून येणाऱ्यांना राहायची सोय हाच मोठा प्रश्न असतो, दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा एकदा जाऊन बघा. देणगीवरची 80जी ची टॅक्स सूट नव्या टॅक्स रिजीममध्ये मिळत नाही आणि दोन हजारांच्या वर कॅश दिली तर जुन्यातही नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा म्हणजे नंतर वाद नकोत. आजारपणातले फोटो टाकायच्या आधी मुलांना विचारा, आई त्यांचीही होती. आणि मुलांनो, बंद करा म्हणायच्या आधी बाबांना विचारा की एक दिवस नाही केलं तर काय वाटतं तुम्हाला? "काही नाही, उद्या करीन" असं उत्तर आलं तर करू द्या त्यांना. जीव कासावीस होत असेल तर कुणाशी तरी बोलायची वेळ आलीय. झोप, जेवण उडालं असेल किंवा "मी पण जातो तिच्यामागे" असली भाषा असेल तर फंड राहू दे बाजूला, लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, तो लावा.

काका आता वर्षातून दोनदाच मेसेज टाकतात, 8 जूनला ब्रेन ट्युमर डे असतो तेव्हा आणि काकूंच्या वाढदिवसाला. आकडा लिहीत नाहीत. त्याऐवजी काकूंची एखादी गोष्ट लिहितात, मागच्या वेळी त्या रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी कशा भांडल्या ते लिहिलं होतं, मुलीनं म्हणे तीनदा वाचलं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनला दोघं मिळून चालायचं ठरवतायत. मेव्हणा अजून ग्रुपमध्ये आलेला नाही, आणि काकांनीही त्याला परत अ‍ॅड केलेलं नाही.