‘गूगलने साइन इन’ केलं की त्या वेबसाइटला माझा पासवर्ड कळतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. साइट उघडताच कोपऱ्यात तुमची जीमेल खाती दिसतात, ती त्या साइटला आधीच कळलेली असतात का? आणि खातं निवडल्यावर पासवर्ड तिच्याकडे जातो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’. मी लॉगिनचंच काम करतो, म्हणून जरा खोलात सांगतो.

खात्यांची ती चौकट साइटची नसते. ती गूगलची असते किंवा थेट ब्राउझरची, आणि साइटच्या कोडला आत डोकावता येत नाही. तुम्ही खातं निवडून होकार दिलात की गूगल त्या साइटच्या नावे एक सही केलेलं टोकन देतं. कॉलेजच्या बोनाफाइडवर कोणाचं, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिलं ते असतं, तसंच हे. टोकनात असतं: कोणी दिलं, कोणत्या साइटसाठी, कधी संपणार, तुमचा कायमचा खातेक्रमांक, आणि बहुधा नाव, ईमेल, फोटो. साइट गूगलच्या सार्वजनिक किल्लीने (म्हणजे सही खरी आहे का ते कोणालाही तपासता यावं म्हणून गूगलने उघड ठेवलेल्या आकड्याने) सही तपासते आणि तुम्हाला आत घेते. एका साइटचं टोकन दुसरीकडे चालत नाही, अर्थात दुसरी साइट तपासणी नीट करत असेल तर. ही पद्धत म्हणजे ओपनआयडी कनेक्ट, 2014 सालची.

पासवर्डपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते: तुम्ही कुठे कुठे लॉगिन करता हे गूगलला कळतं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने 2011 मध्ये ब्राउझरआयडी ही लॉगिनची पद्धत आणली, पुढे तिचं नाव पर्सोना झालं. त्यात ईमेल देणारी कंपनी तुमच्या ब्राउझरमधल्या किल्लीला प्रमाणपत्र देई आणि साइटसाठीची सही ब्राउझरच करी. कोणत्या साइटवर गेलात हे त्या कंपनीला कळायची गरजच नव्हती. रचना फार सुंदर होती, पण साइट्सनी ती उचलली नाही आणि 2016 च्या नोव्हेंबरअखेर ती बंद झाली. मला आजही त्याची हळहळ वाटते.

आता क्रोममध्ये फेडसीएम आहे, म्हणजे गूगलसारख्या खात्याने लॉगिन करताना ब्राउझरच मध्ये पडतो अशी सोय. त्यात खात्यांची यादी ब्राउझर स्वतः गूगलकडून आणतो, आणि आणताना कोणत्या साइटसाठी हवी आहे ते सांगत नाही. मात्र तुम्ही खातं निवडलंत की साइट कोणती ते गूगलला कळतंच. म्हणजे अर्धंच काम झालं.

पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेल्या किल्लीने लॉगिन करणं, आणि त्यात असा मधला कोणी लागतच नाही. साइट दरवेळी एक नवा यादृच्छिक आकडा पाठवते, तुम्ही बोट टेकवता, फोनमधली खाजगी किल्ली त्यावर सही करते आणि साइटकडे फक्त ती सही जाते. किल्ली साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ब्राउझर ती पासकी पुढे करणारच नाही. हुबेहूब बनवलेल्या पानाला माणूस फसतो, पण ही तपासणी डोळ्यांवर अवलंबूनच नसते. म्हणून बँक, ईमेल आणि सरकारी कामाच्या खात्यांना जिथे पासकीची सोय असेल तिथे ती नक्की लावा.

बाकी किरकोळ साइट्सवर गूगलने साइन इन करायला माझी हरकत नाही. प्रत्येक ठिकाणी तोच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त खिडकी उघडून पासवर्ड मागितला, तर टाइप करण्याआधी वरचा पत्ता अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम आहे का ते बघा. आणि अधूनमधून गूगल खात्यातली जोडलेल्या ॲप्सची यादी उघडून नको त्यांची परवानगी काढा. तेवढ्याने त्या साइटवरचं तुमचं खातं पुसलं जात नाही, ते तिथे जाऊनच बंद करावं लागतं. म्हणून आधी खातं बंद करा आणि मग परवानगी काढा.