त्वचेचा टीबी : तुकडा कुठल्या बाटलीत गेला?

ठाणे-नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून आज फक्त त्वचेच्या क्षयरोगाचे प्रश्न घेतले आहेत.

छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. तरी त्वचेला टीबी होतो? (कळवा)

होतो.

आईच्या गुडघ्यावर दोन वर्षांपासून लाल चट्टा आहे, हळूहळू पसरतोय. बायोप्सीत टीबीची शंका आली, पण पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. म्हणजे टीबी नाही ना? (ऐरोली)

असं मुळीच समजू नका. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर नमुन्यापुढे बारीक अक्षरात 'फॉर्मेलिनमधील' असं छापलंय. तिथेच घोळ आहे. फॉर्मेलिनमुळे पेशींची रचना टिकते, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ते हवंच. पण त्यात जंतूचा डीएनए तुटतो आणि जंतू मरतो, त्यामुळे कल्चरही (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) होत नाही. बायोप्सीच्या वेळीच दोन तुकडे घ्यायला हवेत: एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि हा दुसरा त्याच दिवशी लॅबला. हे किती वर्षं सांगतोय! रुग्णाला पुन्हा टाके पडतात, महिने वाया जातात.

दुसरं म्हणजे, अशा चट्ट्यात जंतू मुळातच फार थोडे असतात. नमुना उत्तम असला तरी पीसीआर चुकू शकते. पॉझिटिव्ह आली तर मोलाची; सीबीनॅट या पीसीआरच्याच यंत्रावर दोनेक तासांत रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं. निगेटिव्ह आली, तर बायोप्सी, माँटू (त्वचेत टोचून करायची टीबीची चाचणी) आणि प्रत्यक्ष तपासणी एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो. बायोप्सीच्या काचा (स्लाइड) घेऊन आईला याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. तोवर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम बंद.

नाक्यावरची लॅब रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगते. करून घेऊ? (कोपरखैरणे)

नको. टीबीच्या निदानासाठी या चाचण्यांवर सरकारने २०१२मध्येच बंदी घातली आहे. 'फुल पॅकेज'च्या नावाखाली कुणी खपवत असेल तर उठून या. सरकारी क्षयरोग केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

सहा महिन्यांचा कोर्स संपत आलाय. बरं झालं का बघायला पुन्हा पीसीआर करू? (डोंबिवली)

करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो आणि उगाच धास्ती बसते. चट्टा सपाट झाला का, कडा थांबल्या का, हे डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र त्यांनी सांगेपर्यंत सोडू नका.