पहिल्या दुरुस्ती मेळाव्याआधी एवढं वाच

भावा, तालमीच्या हॉलमध्ये दुरुस्ती मेळावा घेणार म्हणतोस, लई भारी! 2009 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'रिपेअर कॅफे' म्हणून हे सुरू झालं तेव्हापासून गाभा एकच आहे: वस्तूचा मालक शेजारी बसतो, हात लावतो, शिकतो. नवीन मंडळी नेमकी इथं चुकतात. "ठेवून जा, संध्याकाळी न्या" म्हणतात आणि मेळाव्याचं फुकटचं दुकान होतं. तसं होऊ देऊ नकोस.

पहिल्या वेळी मिक्सर, इस्त्री, पंखा, शिलाई मशीन एवढंच घे. मायक्रोवेव्हला स्पष्ट नाही म्हण. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो.

दुसरी चूक म्हणजे आल्या आल्या स्क्रू काढणं. आधी विचार, काय करताना बंद पडलं? मिक्सर बऱ्याचदा फक्त ओव्हरलोडनं ट्रिप झालेला असतो. खालचं लाल बटण दाबलं की चालू! इस्त्रीची वायर बहुधा मुठीपाशी तुटते.

उघडायचंच झालं तर:
- प्लग काढ, मगच हात घाल.
- प्रत्येक टप्प्याचा फोटो घे, स्क्रू वाटीत ठेव.
- जोडून झाल्यावर मल्टिमीटर (वीज तपासायचं मीटर) बीपच्या सेटिंगवर ठेवून लाव; दोन टोकं आतून जोडलेली असली की तो बीप देतो. फेज किंवा न्यूट्रलची पिन आणि धातूची बॉडी यांच्यात बीप आला, तर ती वस्तू प्लगला लावायची नाही.

उद्यमनगरातला एखादा निवृत्त फिटर आणि एक अनुभवी वायरमन आधीच गाठ. विजेच्या टेबलावर वायरमन नसेल, तर त्या दिवशी ते टेबल मांडूच नकोस.