बारा मैलांपलीकडे धरलेली मासळी आणि आत अडवलेली नौका

प्रश्न : कोकणातील एका पर्ससीन (मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे मोठे जाळे) नौकामालकांची नौका फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर असताना गस्ती नौकेने किनाऱ्यापासून सुमारे ८ सागरी मैलांवर अडवली. नौका बंदरात अवरुद्ध झाली, मासळीचा लिलाव झाला आणि आता अभिनिर्णय अधिकाऱ्यांची (दंडाचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यांची) नोटीस आली आहे. मासळी १२ मैलांच्या बाहेर धरली होती, मग राज्याचा दंड कसा, असे ते विचारतात. नौकेवर जनित्र आणि एलईडी दिवे होते, हेही त्यांनी प्रांजळपणे कळवले आहे.

उत्तर : आपल्या म्हणण्याचा एक भाग कायद्याला धरून आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीच्या नोंद २१ मध्ये असला, तरी प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी संघसूचीच्या नोंद ५७ नुसार केंद्राकडे आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमानुसार प्रादेशिक समुद्र आधाररेषेपासून (किनाऱ्यालगत कायद्याने मानलेल्या मोजणीच्या रेषेपासून) १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, आणि अनन्य आर्थिक क्षेत्र (जेथील मासळीवर देशाचा हक्क असतो तो समुद्र) २०० मैलांपर्यंत आहे. त्यामुळे पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा देणारा राज्याचा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश बाहेरच्या समुद्रात टाकलेल्या जाळ्याला लागू होत नाही, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. मात्र हे अंतर बंदराच्या जेटीपासून नव्हे, आधाररेषेपासून मोजतात; आपल्या तांडेलांनी (नौका चालवणाऱ्या प्रमुखांनी) कोठून मोजले, हे प्रथम विचारून घ्या.

सगळी भिस्त जाळे कोठे टाकले या एका गोष्टीवर आहे. नौका अडवली तेव्हा जाळे पाण्यात होते की डेकवर रचलेले, मासळी ताजी होती की बर्फ घालून खणात भरलेली, अक्षांश-रेखांश कोणत्या यंत्रावरून घेतले, हे पंचनाम्यात शोधा. तांडेलांनी न वाचता सही केली असल्यास तसे लेखी उत्तरात आत्ताच नमूद करा. नंतर सांगितलेली गोष्ट मागाहून सुचलेली वाटते. जीपीएस प्लॉटरमधील त्या फेरीचा मार्ग आजच साठवून घ्या, कारण पुढच्या फेऱ्यांत जुना मार्ग पुसला जाऊ शकतो आणि मग आपल्या हाती खलाशांच्या जबान्यांखेरीज काही उरणार नाही. ट्रान्सपाँडर (नौकेचे ठिकाण कळवणारे यंत्र) असल्यास त्याची नोंद मागवा. या इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे पुढे उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले तरी अडचण येणार नाही.

बाहेर मासेमारी करणाऱ्या नौकेला राज्याच्या समुद्रातून ये-जा करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी तमिळनाडूतील पर्ससीन नौकांना १२ मैलांबाहेर मासेमारीची अंतरिम परवानगी दिली, ती सोमवार आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत, नोंदणीकृत आणि माग ठेवता येणाऱ्या नौकांपुरती. किनाऱ्यावरून निघून किनाऱ्यावरच परतणे त्यात गृहीत आहे, म्हणून तो आदेश आपल्याला दाखवण्याजोगा आहे; पण तो अंतरिम आहे आणि त्या राज्यापुरता आहे. आपल्या परवान्यात जाळे वाहून नेण्याविषयी काही अट असेल, तर हा मुद्दा लंगडा पडेल. परवान्याची प्रत मला पाठवा.

दिव्यांबाबत मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. अनन्य आर्थिक क्षेत्रातील एलईडी मासेमारीवर केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजीच बंदी घातली आणि ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनीही ती कायम ठेवली आहे. म्हणजे "आम्ही बाहेर होतो" हे आपण जितके ठामपणे सिद्ध कराल, तितके आपण केंद्राच्या बंदीच्या कक्षेत जाल. त्याच नियमांनुसार यांत्रिकी नौकांना तेथे मासेमारीसाठी रिअलक्राफ्ट या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून प्रवेश-पास घ्यावा लागतो, आणि आपल्या पत्रात पासचा उल्लेख कोठेही नाही. प्रखर दिव्यांखाली लहान मासळीसुद्धा गोळा होते आणि त्याचा फटका शेजारच्या वाडीतील लहान होडीवाल्याला बसतो. मला ही बंदी योग्य वाटते, हे आपले वकीलपत्र घेण्यापूर्वी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

उत्तरात दिवे नाकारू नका, ते पंचनाम्यात असणारच. त्या रात्री ते पेटवले नव्हते हे खरे असेल, तरच तसे लिहा, आणि जनित्राच्या डिझेलचा हिशेब त्याला जुळतो का हे आधी तपासा. नोटिशीतील मुदत संपण्यापूर्वी लेखी उत्तर द्या आणि पंचनामा व प्रतिवेदनाची (नौका अडवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालाची) प्रत मागा. निर्णय विरुद्ध गेल्यास आधी अपील करावे लागेल. ते टाळून थेट रिट याचिका केली, तर न्यायालय बहुधा अपिलाकडेच परत पाठवील.