कारखान्याशेजारी झाडे लावताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: आमच्या सोसायटीला लागूनच काँक्रीट तयार करणारा प्लांट आहे. गच्ची, खिडक्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर राखाडी धूळ बसते. कुंपणाच्या भिंतीलगत झाडांची एक रांग लावली तर फरक पडेल का?

पडेल, पण रांग एकच असेल आणि झाडे खालून मोकळी असतील तर अगदी थोडा. प्लांटमधली धूळ कुठून उठते ते आधी पाहा. वाळू-खडीचे ढीग, माल वाहणारे पट्टे, ट्रकची ये-जा, सायलोत (सिमेंट साठवायच्या उंच टाकीत) सिमेंट भरतानाची गळती. ही बहुतेक धूळ जमिनीपासून तीन-चार मीटरच्या आतच वाऱ्यावर चढते. ज्या झाडाचा बुंधा दोन-अडीच मीटर उघडा आहे आणि घेर त्याच्या वर आहे, त्याच्याखालून वारा सरळ निघून जातो. कधी कधी तर तिथे त्याचा वेग वाढतो. सुशोभीकरण म्हणून लावलेल्या बहुतेक रांगांची हीच गत असते.

म्हणून पडदा जमिनीपासूनच भरलेला हवा. प्लांटच्या बाजूला एक-दीड मीटर उंचीची झुडपे, त्यामागे चार ते सहा मीटरची मध्यम झाडे, त्यामागे उंच झाडे. दोन ओळींतली झाडे एकमेकांसमोर न ठेवता आडव्या फटींत येतील अशी लावावीत. पट्ट्याची रुंदी १० मीटर मिळाली तर उत्तम. तेवढी जागा नसेल तर चार-पाच मीटरमध्ये झुडपांची एक आणि झाडांच्या दोन ओळी बसतात. त्यातूनही उपयोग होतो, फक्त अपेक्षा त्या बेताने ठेवा.

पडदा भिंतीसारखा ठोसही नको. वारा पूर्ण अडला की तो वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करत खाली उतरतो. धूळ नेमकी तिथेच, म्हणजे तुमच्या अंगणात पडते. पडद्यातून साधारण निम्मा वारा गाळून गेला पाहिजे. समोर उभे राहिल्यावर पानांमधून पलीकडचा उजेड ठिकठिकाणी दिसावा, पण सलग मोठी फट कुठेही असू नये. फाटक, मेलेले रोप, पायवाट अशा फटींतून वारा जोराने घुसतो. मेलेल्या रोपाची जागा त्याच हंगामात भरायला हवी, ती यासाठी.

आडोशाचा प्रभाव पडद्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला जाणवतो आणि पुढे तो विरळ होतो. सहा मीटरचा पडदा म्हणजे सुमारे ६० मीटरपर्यंत. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या घरांना मात्र हा पडदा पुरणार नाही, हे सोसायटीच्या सभेत आधीच सांगितलेले बरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: ढिगांवर पाण्याचे फवारे, ढिगांना तिन्ही बाजूंनी आडोसा, आतला रस्ता पक्का, ट्रकची चाके धुण्याची सोय, सायलोच्या तोंडावर चालू स्थितीतला पिशवी-फिल्टर, या मागण्या प्लांटकडे झाडांच्या आधी करा. जी धूळ उठलीच नाही ती अडवावी लागत नाही. संपूर्ण शहरावरच्या झाडांमुळे हवेतील कणांमध्ये होणारी सरासरी घट एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, असे अमेरिकेतील शहरांच्या अभ्यासांत आढळले आहे. योग्य जागी उभा केलेला पडदा त्याच्या लगतच्या पट्ट्यात याहून बरेच अधिक देऊ शकतो, पण उगमावरच्या नियंत्रणाची जागा तो कधीच घेऊ शकत नाही.

प्रश्न: आमच्या जवळच्या कारखान्याची चिमणी तीस मीटर उंच आहे. खूप उंच वाढणारी झाडे लावली तर तो धूर अडेल का?

नाही. चिमणीतून गरम वायू वेगाने वर जातो आणि झाडांच्या कितीतरी वरून वाहत जाऊन काही शे मीटर ते काही किलोमीटर अंतरावर जमिनीला टेकतो. कुंपणाजवळच्या झाडांशी त्याची गाठच पडत नाही. त्यासाठी चिमणीच्या आधीची यंत्रणा (पिशवी-फिल्टर, पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारा स्क्रबर, विजेच्या भाराने कण ओढून घेणारा विद्युत-स्थितिक अवक्षेपक) नीट चालते की नाही, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. झाडांचे काम जमिनीलगतच्या धुळीपुरते.

प्रश्न: वड, पिंपळ, कडुनिंब लावा असे सगळे सांगतात. नेमकी निवड कशी करायची? आमच्या भागात गंधक असलेले इंधन जाळणारे कारखाने आहेत.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक, झाड प्रदूषण सोसते का. दोन, झाड धूळ पकडते का.

सोसण्यासाठी एक निर्देशांक वापरला जातो; सिंग आणि राव यांनी १९८३ साली तो मांडला. पानातल्या ॲस्कॉर्बिक आम्लाच्या प्रमाणाला, एकूण हरितद्रव्य आणि पानाच्या अर्काचा सामू (पीएच) यांच्या बेरजेने गुणायचे, त्यात पानातल्या पाण्याची सापेक्ष टक्केवारी मिळवायची आणि दहाने भागायचे. आकडा जितका मोठा तितके झाड सोशीक. वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब अशा झाडांचे आकडे बऱ्याच पाहण्यांत चांगले आले आहेत. पण हा आकडा ऋतूनुसार, जागेनुसार बदलतो. दुसऱ्या गावातल्या तक्त्यावरून थेट यादी उतरवू नका.

धूळ पकडण्याचे गणित पानाच्या पृष्ठभागावर चालते. लव असलेली, खरखरीत, उठावदार शिरांची किंवा मेणचट पाने अधिक कण धरतात. गुळगुळीत, लांब देठावर सतत हलणारे पान धूळ पुन्हा झटकून टाकते. पिंपळ सोशीक आहे, पण त्याचे पान याच कारणाने चांगला धूळधारक म्हणता येत नाही. लहान पाने दाट असलेली झाडे एकूण पृष्ठभागाच्या जोरावर बाजी मारतात. बकुळीचा घेर दाट आणि सदाहरित असतो, म्हणून मधल्या ओळीसाठी ती आमच्या पसंतीची. मात्र ती सावकाश वाढते, तेव्हा तिच्या जोडीला करंज किंवा जांभूळ असावे. वड आणि पिंपळ इमारत, भिंत, जलवाहिनी यांच्याजवळ लावू नयेत. मोठ्या मोकळ्या कडेला ते शोभतात.

थंडीत वारा पडतो, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि धूळ जमिनीजवळ साचते. हेच दिवस सर्वांत वाईट. त्या काळात उघडी-बोडकी होणारी झाडे पडद्याच्या मुख्य ओळीत नकोत.

सल्फर डायऑक्साइडची इजा ओळखायला सोपी आहे: शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पांढरट किंवा तपकिरी पडतो. पानाची टोके आणि कडा करपल्या असतील तर फ्लोराइडचा संशय घ्या (विटा, काच, ॲल्युमिनियम, फॉस्फेट खत). पण क्षारयुक्त पाण्यानेही नेमके असेच दिसते. म्हणून आधी पाणी तपासा. कारखान्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी झाडांना देत असाल तर त्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे बहुतेक झाडांना क्षारांचा गंभीर त्रास होतो.

निलगिरी, पॉपलर, सुरू यांची दाट लागवड टाळावी. ही झाडे उन्हात आयसोप्रीनसारखे वायू बरेच सोडतात. ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर मिसळून ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा ओझोन हे प्रदूषणच. निलगिरीच्या पानांत तेलही असते, त्यामुळे इंधनाच्या टाक्यांजवळ ती मुळीच नको. टाक्यांभोवती झाडांखालचे वाळलेले गवत आणि पाला नियमित काढावाच लागतो. कण्हेर सोशीक आणि दाट आहे, पण तिचे सर्व भाग विषारी आहेत. शाळा, अंगणवाडी किंवा गुरांची वाट असेल तिथे लावू नका.

शेवटी, एकाच जातीची रांग नको. एका किडीने किंवा रोगाने सगळा पडदा एकाच वर्षी कोसळतो. कमीत कमी पाच-सहा जाती मिसळा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या कुंपणालगत रोपे लावली. पहिल्या वर्षी छान वाढली, दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. जमीन भराव टाकून केलेली आहे.

भराव हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. खड्ड्यातली चांगली माती संपेपर्यंत रोप वाढते, मग मुळे दाबलेल्या मुरमाच्या भिंतीला धडकतात. पुढच्या उन्हाळ्यात पानांचा पसारा मोठा आणि मुळे कुंडीएवढी, अशी अवस्था होते.

लागवडीआधी एक परीक्षा करा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा वाईट आहे. तिथे खोल खड्डा म्हणजे पाण्याची टाकी, मुळे गुदमरून सडतात. अशा जागी जमीन खोल फोडून वर ३०-४० सेंटिमीटर उंचीचा मातीचा वाफा करा आणि त्यावर लावा.

सुटे खड्डे घेण्याऐवजी सलग चर खणा: एक मीटर रुंद, ८० सेंटिमीटर ते एक मीटर खोल. मुळांना एकमेकांची माती वापरता येते. चराच्या बाजू कुदळीने ओरबाडून खडबडीत करा, नाहीतर यंत्राने घोटलेल्या गुळगुळीत भिंतीत मुळे शिरत नाहीत. भरताना कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक चतुर्थांशाहून जास्त नको. ते पुढे कुजून बसते, रोप खाली खचते आणि बुंध्याची मान (खोड आणि मुळे मिळतात ती जागा) मातीत गाडली जाते. गाडलेली मान हे हळूहळू मरण आहे. साल कुजायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून कारण लक्षातही येत नाही. म्हणूनच मान सभोवतालच्या मातीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा.

पिशवी पूर्ण काढा. आत गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभी कापा. रोप एक ते दीड मीटरचे घ्यावे. तीन-चार मीटरचे तयार झाड दिखाऊ असते, पण रुजायला वेळ घेते आणि अनेकदा लहान रोप त्याला गाठते. काठ्या दोन, रोपाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर, बांधणी सैल. खोड थोडे हलले तरच जाड होते. वर्षभराने काठ्या काढून टाका, नाहीतर सुतळी सालीत रुतते.

पाणी रोज थोडे देणे ही सर्वांत सामान्य चूक. त्याने मुळे वरवरच राहतात. पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा दर रोपाला सुमारे २० लिटर. दुसऱ्या वर्षी आळे मोठे करून आठवड्यातून एकदा ४० लिटर. तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला, तेही उन्हाळ्यात. बरीचशी लागवड पहिल्या वर्षानंतर पाणी थांबल्यामुळेच मरते. आळ्यात पाल्याचे आच्छादन ७ ते १० सेंटिमीटर जाड ठेवा. खोडाभोवती वीतभर जागा उघडी हवी.

सिमेंट किंवा चुन्याची धूळ असेल तर मातीचा सामू वर्षातून एकदा तपासा. तो ८ च्या वर गेला की नव्या पानांत पिवळेपणा आणि हिरव्या शिरा दिसू लागतात. लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. अशा जमिनीत साधे फेरस सल्फेट लगेच निकामी होते, ईडीडीएचए स्वरूपातले (चिलेट केलेले) लोह टिकते. दव आणि सिमेंटची धूळ मिळून पानावर पापुद्रा बसतो. तो घट्ट होण्याआधी, पावसाळा नसताना आठ-पंधरा दिवसांनी, झाडे पाण्याने धुवा.

प्रश्न: कारखाना आणि घरे यांच्यामध्ये अरुंद रस्ता आहे, दोन्हीकडे उंच इमारती आणि दिवसभर ट्रक. रस्त्यावर झाडांचा मांडव झाला तर बरे नाही का?

सावलीसाठी बरे, हवेसाठी उलट. उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावर दाट घेर एकमेकांना मिळाले की खालचा धूर वर निघून जात नाही आणि पादचाऱ्याच्या नाकाजवळच कोंडतो. अशा रस्त्यावर कमरेएवढी ते छातीएवढी दाट झुडपे, ट्रक आणि पदपथ यांच्या मध्ये लावा. झाडे हवीच असतील तर विरळ घेराची, अंतर राखून.

प्रश्न: या झाडांची फळे खावीत का? पाल्याचे खत भाजीला चालेल का?

फळे धुऊन वरची धूळ जाते. पण धातू वितळवणारे, बॅटरी किंवा रंगाचे कारखाने जवळ असतील तर शिसे, कॅडमियमसाठी मातीची तपासणी झाल्याशिवाय खाऊ नयेत. त्या पाल्याचे खत त्याच पट्ट्यात जिरवा, भाजीच्या वाफ्यात नको. पाला जाळणे तर पूर्ण वर्ज्य: झाडाने वर्षभर धरलेले सगळे एका दुपारी पुन्हा हवेत जाते.

प्रश्न: फायदा झाला हे मोजायचे कसे? आम्ही हवेतली धूळ मोजणारे दोन स्वस्त सेन्सर घ्यायच्या विचारात आहोत.

घ्या, पण आधी आठवडाभर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक नोंदवा. मग एक उगमाच्या बाजूला, एक घरांच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर आणि पानांपासून काही मीटर दूर. ज्या तासांत वारा कारखान्याकडून घरांकडे वाहत होता तेवढेच तास तुलनेला धरा. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की हे सेन्सर फुगलेला आकडा दाखवतात. ते तास वगळा. शक्य असेल तर लागवडीआधीपासूनच नोंदी सुरू करा, कारण पडदा भरायला चार-पाच वर्षे लागतात. संदर्भासाठी, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) साठी वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १५ अशी आहे.

खडी-सिमेंटच्या जाड धुळीला हे सेन्सर नीट ओळखत नाहीत. तिच्यासाठी सरळ काठाचे, रुंद तोंडाचे भांडे थोडे पाणी घालून ३० दिवस उघड्यावर ठेवा, मग पाणी आटवून उरलेली धूळ वजन करा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा.

पडदा काम करतो का हे पानेही सांगतात. निदान सात कोरड्या दिवसांनंतर पुढच्या आणि मागच्या ओळीतून, एकाच जातीची, एकाच उंचीवरची वीस-वीस पाने तोडा. शुद्ध पाण्यात धुवा, ते पाणी आधी वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, कागद वाळवून पुन्हा वजन करा. पानांचे क्षेत्रफळ आलेखकागदावर मोजून भागाकार करा. मागच्या ओळीवर धूळ स्पष्ट कमी असेल तर पडदा गाळतो आहे. दोन्हींवर सारखीच असेल तर धूळ मधून न जाता खालून किंवा बाजूने वळसा घेते आहे. झुडपांची ओळ आधी तपासा, बहुधा तिथेच फट सापडते.